परदेशातील इंग्रजी अध्यापन : देशाची निवड

ज्या देशांत इंग्रजी ही बहुसंख्यांची मातृभाषा नाही अशा देशांत जाऊन तेथील शाळांत, महाविद्यालयांत किंवा खाजगी वर्गांत इंग्रजी शिकविण्याच्या व्यवसायास स्थूलमानाने 'परदेशातील इंग्रजी अध्यापन' असे म्हणतात. या व्यवसायात पडू इच्छिणाऱ्यापुढील पहिला आणि बहुधा सर्वांत अवघड प्रश्न कोणत्या देशात जावे हा असतो. प्रवासवर्णने वाचून किंवा केवळ पगाराचा आकडा पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अर्जदाराचे नागरिकत्व, त्याच्या शालेय शिक्षणाचे माध्यम, त्याची पदवी आणि वय, तसेच त्या देशाचा व्हिसाविषयक कायदा या गोष्टी निवडीचे क्षेत्र आधीच आखून देतात. आवडीनिवडीचा विचार त्या क्षेत्राच्या आतच करावा लागतो. भारतीय अर्जदाराच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच ठळकपणे जाणवते.

पार्श्वभूमी

इंग्रजी शिकविण्यासाठी शिक्षक परदेशी पाठविण्याची प्रथा ब्रिटिश साम्राज्याच्या काळापासून आहे. परंतु स्वतंत्र व्यवसाय म्हणून तिची वाढ दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. ब्रिटिश कौन्सिलची स्थापना १९३४ मध्ये झाली होती. १९५८ मध्ये ब्रिटनमधील व्ही.एस.ओ. ही स्वयंसेवी संस्था आणि १९६१ मध्ये अमेरिकेची पीस कोअर ही शासकीय योजना सुरू झाली. दोहोंनी आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांत तरुण शिक्षक पाठविले. १९६१ मध्येच युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजी अध्यापनविषयक परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी आणि आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेला शिक्षक, हे विचार या परिषदेनंतर व्यवसायात दृढ झाले. पुढे रॉबर्ट फिलिप्सन यांनी 'लिंग्विस्टिक इम्पिरिॲलिझम' (१९९२) या ग्रंथात या गृहीतकांना उघडपणे भ्रम ठरविले; परंतु व्हिसाच्या नियमांत ती अद्याप जिवंत आहेत.

अल्पमुदतीच्या शिक्षक-प्रशिक्षणाची सुरुवात जॉन व ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९६२ मध्ये लंडन येथील इंटरनॅशनल हाऊस या संस्थेत केली. आजचा 'सेल्टा' हा केंब्रिजचा अभ्यासक्रम त्याच परंपरेतील आहे. त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर ६ तासांचे मूल्यमापित अध्यापन असते. ट्रिनिटी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र त्याच तोलाचे मानले जाते. केवळ संगणकावर पूर्ण होणारी '१२० तासांची' प्रमाणपत्रे बाजारात पुष्कळ आहेत. काही देशांच्या कार्यालयांना तीही चालतात. परंतु वर्गासमोर एकदाही उभे न राहता मिळालेल्या प्रमाणपत्राने शिकविता येऊ लागते असे नाही. भारतात १९५८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था (आजचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ) ही या विषयातील प्रमुख संस्था असून तेथील पदविका घेतलेले अनेक शिक्षक परदेशांत काम करीत आहेत.

मागणीचे मूळ शालेय धोरणांत आहे. दक्षिण कोरियाने १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून इंग्रजी सुरू केली. चीनने २००१ मध्ये तेच केले. जपानने २०२० पासून पाचवी-सहावीस इंग्रजी हा रीतसर विषय केला. व्हिएतनामने २०२२ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीची केली, तर अल्जीरियाने त्याच वर्षी प्राथमिक शाळेत फ्रेंचच्या जोडीला इंग्रजी आणली. अशा प्रत्येक निर्णयानंतर त्या देशास एकाएकी हजारो शिक्षकांची गरज भासते. स्थानिक शिक्षक तयार झाले की ही गरज ओसरते किंवा तिचे रूप पालटते. म्हणून दहा वर्षांपूर्वी परत आलेल्या शिक्षकाचा सल्ला आजच्या अर्जदारास जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

नागरिकत्वाची अट

काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळांत मांडणी केली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश येतात. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, फिलिपाईन्स, सिंगापूर असे देश येतात, जेथे इंग्रजीला शासन, न्यायालय व शिक्षण यांत स्थान आहे. विस्तारत्या वर्तुळात चीन, जपान, कोरिया यांसारखे देश येतात. तेथे ती परकी भाषा म्हणूनच शिकली जाते. परदेशी शिक्षकांची मागणी मुख्यतः तिसऱ्या वर्तुळातून येते आणि पुरवठा पहिल्या वर्तुळातून व्हावा अशी अपेक्षा असते. दुसऱ्या वर्तुळातील शिक्षकाचे स्थान मात्र अनिश्चित राहते.

ही अनिश्चितता केवळ पूर्वग्रहाची नसून कायद्यात लिहिलेली आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांनाच सर्वसाधारणपणे मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. चीनच्या नियमांनुसार परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावयाची असते. जपानमध्ये नागरिकत्वाची यादी नाही. परंतु शाळांमध्ये शिकविण्यासाठी लागणाऱ्या 'प्रशिक्षक' या निवासी दर्जासाठी परकी भाषा शिकविणाऱ्याचे किमान १२ वर्षांचे शिक्षण त्या भाषेतून झालेले असावे लागते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या भारतीयास ही अट पूर्ण करता येते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या व पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या शिक्षकास मात्र ती अडसर ठरते, मग त्याचे इंग्रजी कितीही निर्दोष असो. खाजगी संभाषण-वर्गांसाठीचा निवासी दर्जा निराळा असून त्याचे निकष काहीसे सैल आहेत.

भारतीयांसाठी एक अपवाद फारसा माहीत नसतो. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. या करारानुसार, पदवी आणि इंग्रजी विषयाची अध्यापन-अर्हता असलेल्या भारतीय नागरिकास कोरियातील प्राथमिक व माध्यमिक शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळू शकतो. खाजगी शिकवणीवर्ग या सवलतीत येत नाहीत. महाराष्ट्रातील बी.एड्. झालेल्या अर्जदाराने आपल्या गुणपत्रिकेत इंग्रजी ही अध्यापनपद्धती स्पष्ट नोंदलेली आहे काय, हे अर्जापूर्वीच पाहावे. ती नोंद नसेल तर विद्यापीठाकडून तसे पत्र घेण्यास बराच काळ लागतो. कायद्याने दार उघडले म्हणजे जागा मिळतेच असे नाही. प्रत्यक्ष भरतीत सात देशांच्या उमेदवारांनाच पसंती दिली जाते.

या भेदभावाविरुद्ध व्यवसायातूनच आवाज उठला आहे. हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी 'द नॉन-नेटिव्ह टीचर' (१९९४) या पुस्तकात असे मांडले की, जी भाषा शिक्षकाने स्वतः कष्टाने शिकलेली असते तिच्यातील अडचणी त्याला आधीच ठाऊक असतात आणि विद्यार्थ्यासमोर तो साध्य होण्याजोगा आदर्श असतो. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये मातृभाषेच्या आधारे शिक्षकांत भेद करण्याविरुद्ध अधिकृत निवेदन प्रसृत केले. भारतीय शिक्षकाच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडता येईल. साठ मुलांच्या वर्गात, अपुऱ्या साधनांनिशी, घरी इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांना ही भाषा शिकविण्याचा जो अनुभव त्याच्या गाठीशी असतो तो लंडनच्या नवपदवीधराजवळ नसतो. जाहिरातींत मात्र या अनुभवाला अद्याप रकाना नाही.

पूर्व आशिया

जपान

शासकीय योजनांपैकी सर्वांत ज्ञात असलेली जपानची 'जेट' योजना १९८७ मध्ये सुरू झाली. तिच्यातील बहुसंख्य सहभागी 'साहाय्यक भाषाशिक्षक' असतात. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे असते आणि परदेशी साहाय्यकाने त्याच्याबरोबर पाठ घ्यावयाचा असतो. किमान पदवी आवश्यक असून अध्यापनाचा अनुभव सक्तीचा नाही. करार एक वर्षाचा असतो व तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. २०१२ पासून पहिल्या वर्षाचे वेतन वार्षिक ३३ लाख ६० हजार येन होते. २०२५ पासून ते ४० लाख २० हजार येन करण्यात आले. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत करावे लागतात व प्रस्थान जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे निर्णयापासून वर्गापर्यंत जवळजवळ एक वर्ष जाते.

या योजनेत देशाची निवड आपली असली तरी गावाची निवड आपली नसते. अर्जात पसंती लिहिता येते. ती मान्य होईलच असे नाही. तोक्योची स्वप्ने पाहणाऱ्या शिक्षकाची नेमणूक होक्काइदोतील मासेमारीच्या गावी किंवा शिकोकूतील डोंगराळ खेड्यात होऊ शकते. तेथे एकच साहाय्यक चार-पाच शाळा सांभाळतो. घरे हिवाळ्यात अतिशय थंड असतात, कारण संपूर्ण घर उबदार ठेवण्याची सोय बहुतेक जपानी घरांत नसते. ज्या खोलीत बसावयाचे तेवढीच तापविली जाते. प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण मुलांबरोबर वर्गातच घ्यावयाची रीत आहे. मुलांशी ओळख होण्याचे ते उत्तम स्थळ असते. मात्र जपानी सार व रश्शांमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो, त्यामुळे कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्याने ही बाब मुलाखतीच्या वेळीच सांगावी हे बरे.

अनेक नगरपालिकांनी जेटऐवजी खाजगी पुरवठादार कंपन्यांकडून साहाय्यक घेण्याची पद्धत स्वीकारली आहे. अशा नोकऱ्यांत वेतन सामान्यतः कमी असते व सुट्टीच्या महिन्यांत ते कापले जाण्याची शक्यता असते. शिवाय एक कायदेशीर विसंगती निर्माण होते : केवळ सेवा पुरविण्याच्या कंत्राटावर आलेल्या शिक्षकास शाळेतील शिक्षकाने थेट सूचना देणे नियमात बसत नाही. दोघांनी मिळून एक पाठ घ्यावयाचा आणि एकाने दुसऱ्याला काही सांगावयाचे नाही, अशी ही व्यवस्था होते. खाजगी संभाषण-वर्गांना जपानी भाषेत 'एइकाइवा' म्हणतात. ते दुपारनंतर व रात्री चालतात. या क्षेत्रातील सर्वांत मोठी साखळी असलेली नोव्हा ही कंपनी ऑक्टोबर २००७ मध्ये दिवाळखोरीत निघाली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले आणि कंपनीच्या नावे घेतलेल्या घरांतून अनेकांना बाहेर पडावे लागले. नोकरी, घर व व्हिसा या तिन्ही गोष्टी एकाच मालकाच्या हाती असण्यातील धोका त्या वेळी प्रथमच व्यापक प्रमाणावर दिसून आला. स्वतः घर घ्यावयाचे तर घरमालकास परत न मिळणारी 'रेइकिन' नावाची रक्कम, अनामत आणि जामीन या सर्वांची तजवीज आधी करावी लागते. म्हणून जपानला जाणाऱ्याने पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च जवळ बाळगणे आवश्यक ठरते.

दक्षिण कोरिया

शासकीय शाळांसाठी 'एपिक' ही योजना १९९५ मध्ये स्थापन झाली. कोरियातील शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होते. त्यामुळे भरती वसंत व शरद अशा दोन हंगामांत होते. राहण्याची जागा मालकाने पुरविणे ही येथील रूढ पद्धत असल्याने शिल्लक टाकण्याच्या दृष्टीने हा देश चांगला समजला जातो. एक वर्ष सलग काम पूर्ण केल्यास सुमारे एका महिन्याच्या वेतनाइतकी सेवासमाप्तीची रक्कम कायद्यानेच मिळते. याचा उलटा परिणाम असा की, काही खाजगी वर्ग (त्यांना 'हागवॉन' म्हणतात) अकराव्या महिन्यात शिक्षकास काढून टाकण्यास प्रवृत्त होतात. ई-२ व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

कोरियात जन्मदर अत्यंत घटला आहे व ग्रामीण शाळा बंद होत आहेत. दीर्घकाळ या व्यवसायात राहू इच्छिणाऱ्याने याची दखल घ्यावी.

चीन

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीन हा परदेशी इंग्रजी शिक्षकांची फार मोठी बाजारपेठ होता. जुलै २०२१ मध्ये चीनने 'दुहेरी भारकपात' धोरण जाहीर केले. शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर त्याने बंदी घातली आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना दूरस्थ पद्धतीने शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांची सेवा घेण्यासही मनाई केली. काही महिन्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे वर्ग बंद पडले. आज तेथील नोकऱ्या मुख्यतः शाळा व विद्यापीठांत आहेत. रीतसर नोकरीसाठी आधी कामाच्या परवान्याची अधिसूचना, मग झेड व्हिसा आणि देशात पोहोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवासी परवान्यासाठी अर्ज असा क्रम असतो. पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर 'आधी या, मग बदलून देऊ' असे सांगणारी संस्था कायदा मोडावयास सांगत असते. पकडले गेल्यास दंड, अटक व हद्दपारी शिक्षकाच्या वाट्यास येते.

आग्नेय आशिया

थायलंडमध्ये जागा विपुल व वेतन बेताचे असते. 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा, कामाचा परवाना आणि थायलंडच्या शिक्षक परिषदेची मान्यता अशा तीन पायऱ्या आहेत. पूर्ण अध्यापन-अर्हता नसणाऱ्यास दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली जाते. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना येथे संधी आहे. फिलिपाईन्समधून आलेले शिक्षक तेथील शाळांत मोठ्या संख्येने दिसतात. मात्र एकाच शाळेत, एकाच कामासाठी, ब्रिटिश शिक्षकास एक आणि फिलिपिनो वा भारतीय शिक्षकास दुसरे, कमी वेतन देण्याची पद्धत उघडपणे रूढ आहे.

व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र, पोलीस दाखला व वैद्यकीय तपासणी या चार गोष्टींवर कामाचा परवाना मिळतो. हो ची मिन्ह शहर व हनोई येथे खाजगी वर्गांची दाटी असून काम बहुतांशी संध्याकाळी व शनिवार-रविवारी असते. म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यास ते गैरसोयीचे वाटते.

आखाती देश

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार येथील विद्यापीठांत पदवीपूर्व 'पायाभूत वर्षा'साठी इंग्रजी शिक्षक घेतले जातात. त्यासाठी एम.ए. आणि काही वर्षांचा अनुभव सर्वसाधारणपणे मागितला जातो. वेतनावर आयकर नसतो. घर किंवा घरभत्ता, वार्षिक विमानभाडे आणि सेवासमाप्तीचे उपदान मिळते. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी हे उपदान दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते. येथे 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. करारात मूळ वेतन लहान व भत्ते मोठे दाखविले असल्यास उपदानही लहान होते.

भारतीय शिक्षकांचे आखातातील मोठे क्षेत्र मात्र वेगळेच आहे, ते म्हणजे तेथील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. केंद्रीय मंडळाशी संलग्न असलेल्या या शाळांत इंग्रजीच्या भारतीय शिक्षकास सहज प्रवेश असतो, बी.एड्. आवश्यक मानले जाते. वेतन ब्रिटिश वा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बरेच कमी असते. अपत्यांच्या शिक्षणशुल्कात सवलत मिळत असल्यास हिशेब बदलतो, त्यामुळे करार वाचताना तिकडे लक्ष द्यावे. प्रायोजक-मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता न येण्याची 'कफाला' पद्धत अलीकडे काही देशांनी शिथिल केली आहे. सौदी अरेबियात मार्च २०२१ पासून तशा सुधारणा लागू झाल्या.

युरोप, लॅटिन अमेरिका व अन्य प्रदेश

युरोपीय संघात नोकरी देताना संघाच्या नागरिकांना अग्रक्रम असतो, म्हणून बाहेरच्यांना शिरकाव कठीण आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटिश शिक्षकांनाही हाच अनुभव येत आहे. फ्रान्सची भाषा-साहाय्यक योजना हा एक मार्ग असून तिच्यात भारतीयांनाही स्थान आहे. आठवड्यास १२ तास आणि सात महिने असे तिचे स्वरूप असते व फ्रेंच बऱ्यापैकी यावी लागते. फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ती लाभदायक आहे. संसार चालविण्यास नाही. जॉर्जियाने २०१० मध्ये रशियनच्या जागी इंग्रजी रुजविण्यासाठी स्वतःची योजना काढली होती. लॅटिन अमेरिकेत वेतन कमी, अंतर फार आणि स्पॅनिशची गरज असल्याने भारतीयांचा ओढा तिकडे नाही.

शेजारचे व आफ्रिकेतील काही देश मात्र भारतीय शिक्षकांना फार पूर्वीपासून परिचित आहेत. इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत शाळाशाळांतून भारतीय शिक्षक होते. भूतानमध्ये १९६० च्या दशकात आधुनिक, इंग्रजी माध्यमाची शिक्षणव्यवस्था उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर भारतीय शिक्षकांच्या बळावर. मालदीवमधील शाळा आजही भारतातून शिक्षक नेतात. तेथे नेमणूक बहुधा लहान बेटावर होते. बेटाचा फेरफटका अर्ध्या तासात संपतो आणि राजधानीस जाण्यासाठी बोटीची वाट पाहावी लागते. एकटेपणा न सोसणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. या देशांविषयी इंग्रजीतील मार्गदर्शक पुस्तकांत फारसे काही आढळत नाही, कारण ती पुस्तके पाश्चात्त्य वाचकासाठी लिहिलेली असतात.

काही संस्था स्वयंसेवकाकडूनच पैसे घेऊन त्याला दोन-चार आठवडे एखाद्या गरीब देशातील शाळेत पाठवितात. त्या मुलांना दर महिन्यास नवा, अप्रशिक्षित शिक्षक मिळतो. अशा सहलीस अध्यापनाचा अनुभव मानण्यास बहुतेक मालक तयार नसतात.

कागदपत्रे

पदवी प्रमाणपत्र व पोलीस दाखला यांचे साक्षांकन ही सर्वाधिक वेळखाऊ बाब होय. परदेशी कागदपत्रांच्या सुलभ मान्यतेसाठीच्या हेग कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. जपान, दक्षिण कोरिया, ओमान आणि २०२२ पासून सौदी अरेबिया हेही सदस्य असल्याने त्यांच्यासाठी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची 'अपॉस्टिल' मोहोर पुरते. अमिराती, कतार व कुवेत हे सदस्य नाहीत; त्यांच्यासाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय व त्या देशाचा दूतावास अशी साखळी पूर्ण करावी लागते. चीन २०२३ मध्ये करारात आला, परंतु भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. तेव्हा भारतीय अर्जदारास जुनीच पद्धत अनुसरावी लागते. पोलीस दाखला पारपत्र सेवा केंद्रातून मिळतो व तो ठराविक महिन्यांपर्यंतच ग्राह्य धरला जातो. म्हणून पदवीचे काम आधी व पोलीस दाखल्याचे नंतर, असा क्रम ठेवणे सोयीचे असते. नाव, आडनाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव यांचा क्रम विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर एक आणि पारपत्रावर दुसरा असणे ही महाराष्ट्रातील, विशेषतः विवाहित स्त्रियांची, नित्याची अडचण आहे. त्यासाठी राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे लागते.

करार व फसवणूक

करारात आठवड्याचे प्रत्यक्ष अध्यापनाचे तास आणि शाळेत उपस्थित राहण्याचे तास वेगवेगळे लिहिलेले असावेत. २२ तासिका हा आकडा सुखद दिसतो. परंतु त्यासोबत ४० तासांची हजेरी असू शकते. जादा तासिकांचा दर, सुट्टीतील वेतन, वैद्यकीय विमा, परतीचे भाडे आणि मध्येच नोकरी सोडल्यास होणारी वसुली या बाबी लेखी नसतील तर त्या नाहीत असेच समजावे. करार दोन भाषांत असल्यास वादप्रसंगी कोणती प्रत ग्राह्य धरली जाईल तेही विचारावे. त्याच शाळेत काम करीत असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलू देण्यास मालक नकार देत असेल तर तो नकार हेच पुरेसे उत्तर आहे.

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. नोंदणीकृत दलालांची यादी शासनाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. दहावी उत्तीर्ण असणाऱ्यास उत्प्रवासन तपासणीची गरज नसल्याने शिक्षकांचे पारपत्र सामान्यतः त्या तपासणीतून मुक्त असते. याचा अर्थ असाही होतो की, आखातात किंवा थायलंडला निघालेल्या अल्पशिक्षित कामगाराचा करार शासन एकदा तरी पाहते, पदवीधर शिक्षकाचा करार मात्र कोणीच पाहत नाही. २०२२ मध्ये थायलंडमधील आकर्षक नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आणि परराष्ट्र मंत्रालयाने सावधगिरीची सूचना काढली. त्या जाहिराती संगणकक्षेत्रातील होत्या, परंतु पर्यटक व्हिसावर बोलावणे आणि मुलाखत नावापुरती घेणे ही लक्षणे बनावट अध्यापन-जाहिरातींतही आढळतात.

परदेशात वेतन थकल्यास किंवा मालकाने पारपत्र अडकवून ठेवल्यास प्रथम तेथील श्रम कार्यालयाकडे व भारतीय दूतावासाकडे तक्रार करावी. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता असून मालकास ते स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकार नाही. तक्रार नोंदविण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये 'मदद' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यावर कराराची प्रत, वेतनाच्या पावत्या व व्हिसाचे पृष्ठ जोडावे लागते. म्हणून या कागदांच्या प्रती निघण्यापूर्वी घरच्यांकडे ठेवलेल्या असाव्यात.